छताला भोक घेतलेली गाडी

गळणारी गाडी शेडमध्ये आली की मी आधी चपला काढतो. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, माणूस भाविक दिसतोय, आता गाडीच्या पाया पडणार. तसं काही नाही. मी अनवाणी आत बसतो आणि पायांनी गाडीचा तळ चाचपतो. हाताला ओल फसवते. हात दिवसभर थिनर, पाणी, पुट्टी यांतच असतात, त्यांना सगळंच ओलं लागतं. तळव्याला मात्र बरोबर कळतं. माझे तळवे लहानपणी मेंढरांमागं चालून चांगले टणक झालेत, तरी गाडीच्या कार्पेटखाली दोन दिवसांपूर्वीची ओल असली तर ती ते सांगतात.

माधवनगरला माझी शेड आहे. ठोकाठोकी, रंगकाम सगळं करतो, पण सांगलीत मला ओळखतात ते ‘गळतीवाला बिरू’ म्हणून. गाडीत पाणी येतंय आणि कुठून येतंय ते कुणाला सापडत नाही, अशी गाडी फिरत फिरत शेवटी माझ्या दारात येते. आमच्याच रस्त्याला छापखाना असलेले एक गिऱ्हाईक दरवर्षी दिवाळी अंक काढतात. त्यांच्या डिकीतलं पाणी मी थांबवलं तेव्हा ते म्हणाले, हे सगळं लिहून द्या. मी म्हणालो, साहेब, मी आठवी नापाससुद्धा नाही, मी आठवीला बसलोच नाही. ते म्हणाले, मग तर लिहाच. म्हणून लिहितोय. वेलांट्या त्यांनी बघून घ्याव्यात.

गळतीचं शास्त्र थोडक्यात सांगतो. गाडीचं छत जिथं गळताना दिसतं तिथं ते कधीच फुटलेलं नसतं. पाणी म्हणजे चुकार मेंढरू. कुंपणात शिरतं एकीकडून आणि सापडतं तिसऱ्याच्या शेतात. मागच्या काचेचं रबर सुटलेलं असतं, पाणी छताच्या कापडावरून गुपचूप चालत पुढं येतं आणि साहेबांच्या चष्म्यावर टपकतं. साहेब म्हणतात, पुढचा पत्रा सडला. म्हणून मी गिऱ्हाइकाचं सगळं ऐकून घेतो आणि त्यातलं काहीच धरत नाही. एकदा एक मास्तर आले होते. त्यांची गाडी फक्त सोमवारी गळायची. मी तीन सोमवार डोकं खाजवलं. चौथ्या सोमवारी त्यांच्याबरोबर गाडीत बसलो तेव्हा कळलं, मास्तर कृष्णेचं पाणी कळशीत भरून महादेवाला घालायला नेतात आणि कळशी मागच्या सीटखाली ठेवतात. छताचा काही संबंध नव्हता. मी कळशीला घट्ट झाकण बसवून दिलं. ते अजून सांगतात, बिरूनं छत दुरुस्त केलं.

हे वाचून वाटेल, माणूस मोठा खात्रीचा दिसतोय. तसाही मी नाही. मी स्वभावानं भित्रा. पाऊस लागला की लोकांना भजी आठवतात, मला त्या वर्षी हातून गेलेल्या सगळ्या गाड्या आठवतात. जेवताजेवता मी गप्प झालो की बायको विचारते, आता कुणाची गाडी गळायला लागली? घरापासून लांब आलेल्या माणसाला एक भीती कायम असते. इथं आपलं कुणी नाही, आपलं नाव तेवढंच आपलं. मी म्हसवडकडचा. तिथून सांगली काही परदेश नाही, पण मेंढरं सोडून, शाळा सोडून जो येतो त्याला शंभर किलोमीटरही लय होतात. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते इस्माईलचाचा आता नाहीत. त्यांनी मला काम दिलं, भाकरी दिली आणि एक वाक्य दिलं. “गाडी पूरी खोल, फिर बोल.” गाडी पूर्ण उघडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. इतक्या वर्षांत हे वाक्य मी एकदाच मोडलं. त्याचीच ही हकिगत.

पण त्याआधी विमानांचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या दुष्काळी माणदेशात मेंढरांमागं असताना खाली बघण्यासारखं फार नसतं. कुसळं आणि दगड. वर मात्र कधी कधी लढाऊ विमानं जायची. आधी विमान दिसायचं आणि ते निघून गेल्यावर आवाज यायचा, तोही असा, की जमिनीतून आल्यासारखा. मेंढरं बिचकून एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालायची. मी उताणा पडून बघत राहायचो. वडील ओरडायचे, “खाली बघ रं. वर काय मेंढरं चरत्यात?” पुढं सांगलीत आल्यावर पेपरात विमानाचं चित्र आलं की मी कापून ठेवायला लागलो. आमच्या धंद्यात शेडच्या भिंतीवर देव असतात, पैलवान असतात. माझ्या भिंतीवर विठ्ठल-बिरोबा आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना मिग, जग्वार, मिराज, सुखोई. शेजारचा टायरवाला म्हणतो, देवांना एस्कॉर्ट दिलाय.

पाच वर्षांपूर्वी वळवाचे दोन-चार पाऊस झाले होते. एका सकाळी पांढरी गाडी दारात थांबली. उंच, ताठ, पासष्टीचा माणूस उतरला. गळ्याला मानेचा पट्टा. बरोबर बायको. हे कोरेगावचे नाना जाधव आणि काकी. काकींचा भाऊ माधवनगरला राहतो, त्यांच्याकडं आले होते आणि त्यांनीच माझं नाव सांगितलं होतं. मी नमस्कार केला, पण नाना माझ्याकडं बघतच नव्हते. मानेला पट्टा असल्यामुळं सगळं अंग वळवून ते भिंतीकडं बघत होते.

“जग्वार उलटं लावलंयस,” ते म्हणाले.

मी बघितलं. खरंच. चित्र कापताना बाजूचा मजकूर गेला होता आणि आभाळात वर काय, खाली काय, मला कळलं नव्हतं. दहा वर्षं ते विमान माझ्या भिंतीवर पोट वर करून उडत होतं. मी खुर्चीवर चढून ते सरळ केलं. नाना म्हणाले, राहू दे, तसंही उडतं ते. मग सांगितलं की ते हवाई दलात बावीस वर्षं एअरफ्रेम फिटर होते. म्हणजे विमानाचं इंजिन नाही, बंदुका नाहीत, तर अंग. पत्रा, रिबिटा, सील, दरवाजे.

“तुझाच धंदा. मी बी डेंटरच,” ते म्हणाले. “फकस्त माझी गाडी उडायची.”

काकींना यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्यांनी गाडीचं दार उघडून मला सीट दाखवली. डावीकडची पुढची सीट, म्हणजे त्यांची जागा, ओली होती. वर छताला काच होती, सरकणारी. आमच्या भागात तेव्हा अशी छताला काच असलेली गाडी नवीनच होती. माझ्या हाताखाली ही पहिलीच आली.

“ह्यांनी गाडी न्हाई घेतली,” काकी म्हणाल्या. “छताला भोक घेतलं आन् त्याला चार चाकं बसवली.”

काकींनी मग स्पष्ट सांगून टाकलं. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, गळती थांबत नव्हती. ही शेवटची खेप. “आता गळली तर वरनं पत्रा मारायचा आन् भोक बुजवायचं. मी आधी बोलून ठेवती. मग मला कुणी शिकवायचं न्हाई.” एवढं सांगून त्या भावाच्या घरी गेल्या.

त्या गेल्यावर नाना माझ्या बाकड्यावर बसले आणि त्यांनी मला त्या काचेचं कारण सांगितलं. बावीस वर्षं विमानाच्या पंखाखाली, पोटाखाली उभं राहून मान वर करून काम. त्यात मानेचे मणके गेले. आता उभं राहून वर बघितलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. पुण्याकडून विमानं येतात, कोरेगाववरून जातात, आवाजावरून ते ओळखतातही, पण बघता येत नाही. म्हणून त्यांनी जुन्यात ही गाडी शोधून घेतली. कालव्यापलीकडच्या माळावर गाडी लावायची, डावीकडची सीट पूर्ण मागं पाडायची आणि उताणं पडून काचेतून वर बघायचं.

मी म्हणालो, नाना, अंगणात बाज टाकून पडलं तर?

“टाकली हुती,” ते म्हणाले. “अंगणात बाजेवर पडलो की निम्मं गाव तब्येत विचारायला येतंय. हिला च्याच करत बसावं लागायचं.”

मला हसू आलं आणि लगेच भीतीही वाटली. कारण आता ही गळती राहिली नव्हती. मला हे थांबवता आलं नाही तर या माणसाचं आभाळ पत्र्यानं झाकलं जाणार होतं, आणि पत्रा मारायला बहुतेक मलाच सांगणार होते. लहानपणी मी ज्यांच्याकडं उताणा पडून बघायचो, ती विमानं यांनी हातानं पुसली होती. देवाच्या पुजाऱ्याची गाडी दारात आल्यासारखं मला झालं.

आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे दोघंही. नानांनी बाह्या सारल्या. त्यांनी मला विमानाची युक्ती शिकवली. विमानाचं केबिन आतून हवेनं भरतात आणि बाहेरून सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावतात. जिथं बुडबुडा फुगतो तिथून हवा जाते. गाडीला तेवढा दाब कुठला, पण आम्ही दारं-खिडक्या बंद करून आतला पंखा जोरात सोडला आणि मी बाहेरून ब्रशनं साबण लावला. काचेच्या कडेनं चारी बाजूंना फेसाची माळ उभी राहिली. नाना आतून काचेवर टकटक करून हसत होते. मीही हसत होतो. इतकं मजेचं काम मी कधी केलं नव्हतं. ब्रश फिरवता फिरवता मी त्यांना विचारत होतो, मिग उतरताना मागं छत्री का सोडतो, सुखोईला दोन शेपट्या कशाला. ते सांगत होते. टायरवाला दोनदा येऊन बघून गेला, गिऱ्हाईक कोण आणि मिस्त्री कोण म्हणून.

काच सरकवून बघितलं. काचेखाली चारी बाजूंनी पत्र्याची पन्हळ होती, त्यात पाणी साचलेलं, आणि चारी कोपऱ्यांत एकेक बोटभर भोक. मला वाटलं, सापडलं. या भोकांतून पाणी खांबांत शिरतं आणि आत उतरतं. नाना म्हणाले, केबिन म्हणजे बंद डबा पाहिजे, एक सुई जाता कामा नये. आता इथं इस्माईलचाचांचं वाक्य आठवायला पाहिजे होतं. छताचं आतलं कापड खाली उतरवून त्या भोकांच्या खाली काय आहे ते बघायला पाहिजे होतं. अर्ध्या दिवसाचं काम. मी ते केलं नाही. खरं कारण सांगतो, त्या वेळी नाना राजस्थानातल्या तळावरची गोष्ट सांगत होते आणि ती मला मध्येच सोडवेना.

काचेचं रबर नवीन घातलं. चारी भोकं उत्तम सिलिकॉननं बुजवली, वरून बोट फिरवून गुळगुळीत केली. मग दहा मिनिटं पाईप सोडला. आत एक थेंब नाही. काकी आल्या, सीटवर हात फिरवला आणि बसल्या. नानांनी जाताना मला उजव्या हातानं कडक सलाम ठोकला. मी दोन दिवस हवेत होतो.

पंधरा दिवसांनी फोन आला. कोरेगावला चार दिवसांची झड लागली होती.

“बिरू का? मी कोरेगावची काकी. आज मी गाडीत आंघोळ केली.”

भाच्याच्या मुलीचं बारसं रहिमतपूरला होतं. काकींनी नवी इरकल नेसली होती. गाडी घरातून निघाली तेव्हा कोरडी होती. गावाबाहेरच्या स्पीडब्रेकरला नानांनी ब्रेक मारला आणि छतातून बादलीभर पाणी एकदम काकींच्या डोक्यावर आलं. थेंब थेंब नाही, एकदम. तशाच त्या बारशाला गेल्या. बायकांनी विचारलं तर म्हणाल्या, आमच्या गाडीत न्हाणीघर हाय.

मला हसता येईना. मी म्हणालो, काकी, मी उद्या येतो. त्या म्हणाल्या, “ये. पत्रा घिऊन ये.”

दुसऱ्या दिवशी सकाळची साताऱ्याची एसटी धरली. पिशवीत हत्यारं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्र्याचा तुकडा, काचेच्या मापाचा, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. रिबीट मारायची गनही घेतली. कराड गेलं, उंब्रज गेलं, मी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. नानांना काय सांगायचं याचं पाठांतर करत होतो. साताऱ्याला गाडी बदलून कोरेगावला उतरलो तेव्हा पावसानं उघडीप दिली होती आणि माझं पाठांतर विसरलं होतं.

नाना फाटकाशी उभे होते. चेहरा पडलेला. मी म्हणालो, नाना, चूक माझी. ते म्हणाले, डबा बंद करायला मी सांगितलं, चूक माझी. मी म्हणालो, मिस्त्री मी आहे. ते म्हणाले, मी बावीस वर्षं— तेवढ्यात मागून काकी आल्या. उसातून आल्या होत्या, गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर खोरं. रानात पाणी तुंबलं होतं, ते काढून आल्या होत्या.

“चूक वाटून घ्या दोघं,” त्या म्हणाल्या. “आदी च्या घे. मग पत्रा मार.”

चहा घेतला. मग मी स्टुलावर चढून काच सरकवली. पन्हळ काठोकाठ भरलेली. चार दिवसांचा पाऊस रबराच्या कडेनं थोडा थोडा आत आला होता, साचला होता आणि ब्रेक लागला की पुढं लाटेसारखा उसळला होता. काकी खोऱ्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी टाचा उंच करून आत डोकावलं.

“हे पाणी जायचं कुठनं?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, जाऊ नये म्हणूनच तर चारी भोकं बुजवली.

“जाऊ नये? मग ऱ्हायचं कुठं त्यानं?”

काकी हसायला लागल्या. खोरं भिंतीला लावून, पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, “तू माणातला न्हाई का. पाणी दिसलं की अडवायचं, एवढंच तुमास्नी ठावं. आरं, आमच्या उसात असं पाणी कोंडलं तर मुळं कुजत्यात. पाणी येणारच. त्याला चर काढून द्यावा लागतो. येऊ नगं म्हणायचं न्हाई, जा म्हणायचं.”

मी पन्हळीकडं बघितलं. चार कोपरे, चार भोकं. भोकं नव्हतीच ती. त्या वाटा होत्या. कारखान्यात कुणीतरी विचार करून ठेवलेल्या. रबर पाणी पूर्ण अडवणार नाही हे त्यांनी धरलंच होतं. म्हणून खाली पन्हळ आणि पन्हळीतून पाणी बाहेर जायला चार वाटा. आधीची गळती होती ती एखादी वाट तुंबली म्हणून. मी उरलेल्या तीनही बुजवल्या होत्या.

मागं बघितलं तर नाना पायरीवर बसले होते, कपाळाला हात लावून.

“बिरबा,” ते म्हणाले, “विमानाच्या पोटाला खाली भोकं असत्यात. पाणी जायला. रोज सकाळी त्यात बोट घालून बघायचं, मोकळी हायत का. बावीस वर्षं हेच केलं मी. ह्याच बोटानं.” त्यांनी ते बोट वर धरलं. “आन् सोताच्या गाडीची बुजवून घेतली.”

“इमानात बसून बसून डोकं बी वरच ऱ्हायलं,” काकी म्हणाल्या.

मग मात्र मी गाडी पूर्ण उघडली. छताचं कापड उतरवलं. चाचा असते तर म्हणाले असते, आता बोल. कापडाखाली चारी कोपऱ्यांतून चार रबरी नळ्या निघत होत्या आणि खांबांतून खाली जमिनीकडं जात होत्या. सिलिकॉन खरवडून काढलं. स्कूटरची क्लचची तार घेतली, तिच्या टोकाचे पीळ थोडे उकलले आणि एकेका नळीत सोडली. मागच्या दोन मोकळ्या. उजवीकडची पुढची थोडी मातीनं भरलेली. डावीकडच्या पुढच्या नळीत तार अडली. नाना खाली चाकाशी वाकून बसले होते. मी वरून तार फिरवत होतो. बराच वेळ काही नाही आणि मग एकदम लाल मातीचा गोळा सुटून त्यांच्या तळहातावर पडला. कुंभारमाशीचं घर. आत वाळलेली अळीही होती. एवढ्याशा माशीनं दोन फिटरांना कोरेगाव-सांगली फिरवलं होतं.

पाठोपाठ तपकिरी पाणी धारेनं आलं. काकी म्हणाल्या, “हा, आता चर सुटला.”

तपासणी त्यांनी स्वतः घेतली. साध्या पाईपवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. मला आणि नानांना त्यांनी गाडीत बसवलं, नानांना डावीकडं स्वतःच्या आंघोळीच्या जागेवर, मला शेजारी. काच बंद केली. स्वतः स्टुलावर चढल्या आणि घागरीनं पाणी ओतायला लागल्या. एक घागर, दोन, तीन. आम्ही दोघं सीट मागं पाडून उताणे पडलो होतो. वर विमान नव्हतं, आभाळही नव्हतं, पाण्याच्या पडद्यामागं काकींचा हलणारा चेहरा होता, कपाळावर कुंकू, भुवया वर ताणलेल्या. त्या काहीतरी बोलत होत्या.

“काय म्हणत्यात?” मी विचारलं.

“ऐकू येत न्हाई,” नाना म्हणाले. “काच लय भारी हाय.”

पाचव्या घागरीला मी हात वर करून कापड चाचपलं. मग चपला काढून खाली पाय फिरवले. कोरडं. चारी चाकांजवळ चार धारा जमिनीवर पडत होत्या. काकींनी सातव्या घागरीनंतर दार उघडलं, आत वाकल्या, सीटवर, छतावर, नानांच्या डोक्यावरही हात फिरवला.

“ऱ्हाऊ दे तुमचं भोक,” त्या नानांना म्हणाल्या.

नाना काचेकडं बघत पडून राहिले. मी उगाच क्लचची तार पुसत बसलो.

माझ्या पिशवीतला पत्रा काकींनी ठेवून घेतला. मला वाटलं, अजून भरवसा नाही, पुढच्या वेळेसाठी ठेवतायत. पण त्याचं त्यांनी पाटाचं दार केलंय. उसाला पाणी देताना एका सरीचं पाणी अडवून दुसरीकडं वळवायला. कडा मी घासून ठेवल्या होत्याच, हाताला लागत नाही म्हणतात.

घरी आल्यावर मी आईला फोन केला. आई म्हसवडकडंच असते, भावाजवळ. हसत हसत सगळं सांगितलं, आणि काकी काय म्हणाल्या तेही, की माणातल्या माणसाला पाणी अडवायचंच ठावं. आईला मुळीच हसू आलं नाही.

“कोण म्हनलं? आन् तू ऐकून घेतलंस?” ती म्हणाली. “ताल घातली की सांड ठेवावीच लागती. न्हाई ठेवली तर पयल्या मोठ्या पावसाला सगळी ताल वाहून जाती. तुझ्या बानं दरसाल दगड लावून सांड केली. तू कवा बगितलंस? तू वर बगत हुतास.”

ताल म्हणजे आमच्याकडं रानाचा बांध आणि सांड म्हणजे जादाचं पाणी जायला त्यात ठेवलेली दगडी वाट. मला आठवली ती. तिच्या दगडांवर बसून मी विमानं बघायचो. बसायचे दगड, एवढीच ओळख. मला वाटायचं मी शाळा अर्धी सोडली. गावही अर्धंच शिकून सोडलं, हे मला पन्नाशीत कळलं. वडील आता नाहीत, नाहीतर त्यांना विचारलं असतं, सांड किती रुंद ठेवायची ते.

तेव्हापासून छताला काच असलेली गाडी आली की मी आधी चार वाटा शोधतो. अशा गाड्या आता लय झाल्यात, लग्नात नवरदेव त्यातून डोकं काढतात. नळ्या मात्र कुणी साफ करत नाही. मी गिऱ्हाइकाला सांगतो, पावसाळ्याआधी तार फिरवून घ्या, पाण्याला जा म्हणा. कोण म्हणालं हे विचारलं तर सांगतो, कोरेगावच्या एक इंजिनिअर बाई आहेत.

नाना-काकी दर वैशाखात येतात. नळ्या साफ होतात, भावाकडं जेवण होतं, माझ्या भिंतीवरची विमानं नाना तपासतात. आसामात तेजपूरच्या तळावर काढलेला स्वतःचा एक फोटो त्यांनी मला दिलाय, मिगच्या पोटाखाली वाकलेले, एक बोट वर. तो मी बिरोबाच्या शेजारी लावलाय.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी काकींचा फोन आला. मी आधी विचारलं, गळली का?

“गळतीय कुठली,” त्या म्हणाल्या. “तू मला एवढंच सांग, दोन शेपट्यांचं कुठलं?”

मी म्हणालो, सुखोई.

“बगा, मी म्हनलं हुतं,” त्या पलीकडं कुणाला तरी म्हणाल्या. मग मला, “हे जग्वार म्हनत हुते. दिसलं तर पायजे ना ह्यास्नी.”

नानांना दिसत नाही म्हणजे? मला काळजी वाटली. मी फोन नानांना द्यायला सांगितलं. मानेचं दुखणं वाढलं का, डोळ्यांचं काही झालं का, मी विचारलं.

“मान बरी हाय, डोळं बी बरं हायत,” नाना म्हणाले. त्यांचा आवाज लांबून यावा तसा येत होता. “मी हिकडं स्टेअरिंगला बसलोय, बिरबा. डावीकडची सीट गेली माझी. घरनं माळापर्यंत गाडी आणायची आन् आवाजावरनं सांगायचं, एवढंच काम ऱ्हायलंय.”

मी म्हणालो, मग काकींना सांगा की आळीपाळीनं बसा म्हणून.

“तूच सांग,” ते म्हणाले आणि फोन काकींच्या हातात दिला. मागून मोठा आवाज येत होता. काकी म्हणाल्या, “थांब, अजून एक येतंय,” आणि त्यांनी फोन ठेवला.